भरलं अंग

कात्रप, बदलापूर (पूर्व)
२ फेब्रुवारी २०२५

ती. द्रौपदी आत्यास,

धर्माचा नमस्कार. आम्ही इकडे आहोत तसे आहोत. थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव.

पाकीट बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही. हिंदुरावदादाच्या मोबाइलवर काही टाकलं की तो आधी स्वतः वाचतो, मग पारावर सांगतो, आणि तुझ्यापर्यंत येईस्तोवर त्याचं भलतंच काहीतरी झालेलं असतं. तुला वाचता येतं, चष्माही नवा आहे. म्हणून पत्र.

तेजलने पाठवलेला फोटो बघून तू म्हणालीस म्हणे, "पोराला कायतरी लागलंय, गाल बसल्यात." काही लागलेलं नाही. मी मुद्दाम वजन उतरवतो आहे. दिवाळीत शहाण्णव किलो होतं. ब्याऐंशीच्या खाली या, असं डॉक्टर म्हणाले. कारखान्यात दर वर्षी तपासणी होते, त्यात काहीतरी निघालं, असं समज.

तुला हे आवडणार नाही ते मला माहीत आहे. आई गेली तेव्हा मी काडीसारखा होतो म्हणे. तू दूधभाकरी कुस्करून घालून मला माणसात आणलंस. माझ्या लग्नात तू मांडवभर सांगत हिंडत होतीस, "हे अंग मी भरलंय." त्यातलं थोडं आता मी काढतो आहे. राग मानू नकोस.

व्यायामाचं सांगतो. पहिल्यांदा कात्रपमधल्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथं सगळी विशीतली पोरं. व्यायाम थोडा करतात आणि आरशात जास्त बघतात. मी ट्रेडमिलवर चढलो की शेजारचा आपल्या मशीनचा वेग वाढवायचा. एक आठवडा गेलो, मग गेलो नाही. आजारी नव्हतो, पाहुणे नव्हते, काही नव्हतं. नुसता गेलो नाही. नंतर सकाळी चिखलोलीच्या बाजूला चालायला लागलो. तेही थोडे दिवस. एका सकाळी गजर बंद केला आणि कूस बदलली. 'तब्येतीसाठी' हे कारण फार पातळ आहे, आत्या. अंथरुणातच विरघळतं.

आता मात्र चालतो, आणि ते एका माणसामुळे. मीनलचं डायलिसिस तुला माहीत आहेच. आठवड्यातून तीनदा उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, सकाळी. मी कारखान्यात कायमची दुपारची पाळी मागून घेतली आहे, म्हणून तिच्याबरोबर जाता येतं. तिला मशीनला लावलं की चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं. तिथं हरेश नावाचा सिंधी गृहस्थ भेटला. जीन्सला लागणारी बटणं आणि चेन यांचं त्याचं दुकान आहे. त्याची बायको लाजवंती मीनलच्या शेजारच्या मशीनवर असते. एक दिवस तो म्हणाला, "साईं, बैठ के क्या करेंगे? चलो, घूम के येऊ." तेव्हापासून आम्ही दोघं त्या चार तासांत कॅम्प पालथा घालतो. जीन्सच्या कारखान्यांच्या गल्ल्या, फर्निचरवाल्यांचा रस्ता, नाल्यावरचा पूल. त्याच्या ओळखीचे सगळीकडे, सगळे त्याला खायला बोलावतात. तो माझ्यासमोर उभा राहून दाल-पकवान खातो आणि मला म्हणतो, "तू मत देख."

हरेश स्वतः सडपातळ आहे, त्याला काही कमी करायचं नाही. तरी तो माझ्याबरोबर एक दिवस चुकवत नाही.

घरात सध्या दोन तऱ्हेचा स्वयंपाक असतो. मीनलची भाजी आधी उकळून ते पाणी ओतून द्यायचं, मीठ नावाला, आणि पाणी पेल्याने मोजून. मला उलट, भरपूर पाणी प्या असं सांगितलं आहे. मी तिच्यासमोर पीत नाही. मोरीत जाऊन पितो.

तेजलची बारावी या महिन्यात सुरू होते. अभ्यास करते असं दिसतं.

तुझा,
धर्मा


कात्रप, बदलापूर (पूर्व)
२० एप्रिल २०२५

ती. आत्यास,

नमस्कार. हुलगे आणि शेंगा पोचल्या. तेजलचे पेपर बरे गेले म्हणते.

मी कारखान्यात पडलो हे दादाकडून तुला कळलं असेल. त्याने काय सांगितलं असेल याची कल्पना आहे, म्हणून झालं तसं लिहितो.

फेब्रुवारीच्या शेवटी माझा वजनकाटा हलेनासा झाला. चालणं तेच, जेवण तेच, पण आकडा तिथंच. मला घाई होती. मी हिशेब असा केला की निम्मं जेवून एवढं उतरलं तर काहीच न जेवता दुप्पट उतरेल. सकाळी नुसता चहा घ्यायचो. दुपारचा डबा कारखान्यात वाटून टाकायचो. रात्री घरी आलो की मीनलला सांगायचो, कँटीनमध्ये झालं. आकडा उतरायला लागला. मला बरं वाटायचं, आणि जिना चढताना डोळ्यांपुढे काळं यायचं, ते मी धरत नव्हतो.

मार्चअखेरीस रंगाच्या टाकीचं रीडिंग घेताना मी खाली बसलो, असं मला आठवतं. बाकीचे म्हणतात, आडवा झालो. टाकीपासून लांब पडलो, तेवढं बरं. अंबरनाथच्याच एका दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, संध्याकाळी सोडलं. पुढच्या आठवड्यात मुंबईच्या इस्पितळात आमच्या ठरलेल्या तपासण्या होत्या, त्यात रक्त आणि लघवी दोन्हींत नको ते निघालं. तिथल्या आहाराच्या मॅडम वयाने तेजलपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी कागद बघितले आणि विचारलं, "काका, तुम्ही जेवता का?"

मी म्हणालो, "हो."

"खोटं बोलताय. शरीर तुमचे स्नायू खातंय. वजन उतरलं, पण त्याबरोबर ताकदही उतरली. असा माणूस आम्हाला चालत नाही. आधी पोटभर जेवा, मग पुढचं बघू." आणि सगळ्या तारखा पुढे ढकलल्या.

मी ते घरी सांगितलं नाही. हरेशला मात्र तिथूनच कळलं. रविवारी तो बदलापूरला आमच्या घरी आला, पहिल्यांदाच. हातात स्टीलचा चार मजली डबा. मीनल चहा ठेवायला उठली, तिला म्हणाला, "भाभी, बसा." मग माझ्याकडे वळला. तो चिडलेला मी कधी बघितला नव्हता.

"क्या समझता है तू? उपाशी राहशील, चक्कर येईल, डॉक्टर तारीख पुढे ढकलेल. मेरी लाजू कितना रुकेगी? तिचा हात बघितलास? सुई टाकायला जागा राहिली नाही."

मी म्हणालो, "लवकर व्हावं म्हणूनच..."

"लवकर नाही पाहिजे मला! नीट पाहिजे!"

मीनल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तेजलने टीव्ही बंद केला. हरेशने डबा उघडला. त्यात साई भाजी होती, म्हणजे पालक, चणाडाळ आणि काय काय घालून शिजवतात ती, आणि जाड पोळ्या. "मैंने बनाया," तो म्हणाला. "लाजूने खुर्चीवर बसून सांगितलं, मी केलं. आता खा."

मी खाल्लं. तो समोर बसून राहिला. मी थांबलो की बोटाने डब्याकडे दाखवायचा. सगळा डबा संपवला. जाताना तो मीनलला म्हणाला, "भाभी, याच्या डब्याचा रोज फोटो पाठवा. रिकाम्या डब्याचा नाही, भरलेल्याचा. आणि खातानाचा पण."

तेव्हापासून व्यवस्थित जेवतो. सकाळी अंडी, दुपारी उसळ, दही, एक भाकरी. भाकरी सोडायची नाही असं मॅडमनी बजावलंय, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितो. वजन आधी थोडं वाढलं, मग हळूहळू उतरायला लागलं. आता चक्कर येत नाही. मॅडमनी दोन डंबेल घ्यायला लावली. ती मी खुर्चीत बसून उचलतो आणि तेजल मोबाइलकडे बघत "अजून, बाबा, अजून" म्हणते.

माझ्या जेवणाशी त्याच्या बायकोचा काय संबंध, असं तू विचारशील. पुढच्या पत्रात लिहीन.

तुझा,
धर्मा


कात्रप, बदलापूर (पूर्व)
१३ जुलै २०२५

ती. आत्यास,

नमस्कार.

"कसल्या तपासण्या, आणि कोण सिंधी?" असं तू दादाकरवी दोनदा विचारलंस. मी दोन्ही वेळा नेटवर्क नाही म्हणालो. हे पत्र उद्या पोस्टात टाकीन. परवा मला मुंबईच्या इस्पितळात दाखल व्हायचं आहे. तुला हे मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलं असेल. तसा हिशेब करूनच टाकतो आहे.

मी माझी एक किडनी देतो आहे. माणूस एकीवर जगतो, डॉक्टरांनी नीट समजावलं आहे. त्यासाठी वजन उतरवायचं होतं. जाड माणसाची घेत नाहीत, त्याला पुढे त्रास होतो म्हणून. कारखान्याची तपासणी वगैरे मी जे लिहिलं ते खरं नव्हतं.

ती मीनलला जाणार नाही. माझं रक्त तिला जुळत नाही. ती लाजवंतीला जाईल. हरेशचं रक्त मीनलला जुळतं, लाजवंतीला जुळत नाही. त्याची किडनी मीनलला. दोघांनी एकमेकांच्या बायकांना द्यायची, असं कायद्यात बसतं. डॉक्टरांनीच मागच्या थंडीत आमच्या चौघांचे कागद शेजारी ठेवून सांगितलं. चारही ऑपरेशनं एकाच दिवशी. म्हणजे एकाने माघार घेतली की दोघी राहिल्या. हरेश का चालत होता आणि का ओरडला, ते आता कळलं असेल.

सकाळी उठायला कारण लागतं, असं मी मागे लिहिलं होतं. ते हे कारण. लाजवंती लहानखुरी बाई आहे, आवाज मात्र मोठा. मशीनवर पडल्यापडल्या ती मला दर वेळी विचारायची, "भाईसाब, आज कितना? मेरी चीज़ संभाल के रखी है ना?" तिला आकडा सांगावा लागायचा. तो वाढला असला की ती नुसती छताकडे बघायची. पावसात, पाळी उशिरा सुटल्यावर, कंटाळ्यात, तिला छताकडे बघावं लागू नये म्हणून मी चाललो आहे.

आता मीनलचं. रक्ताची तपासणी व्हायच्या आधी मी तिला म्हणालो होतो, मी देतो. ती सरळ नको म्हणाली. मला वाटलं, माझ्या काळजीने म्हणते. तसं नव्हतं. म्हणाली, "तुमची किडनी पोटात घेऊन मी तुमच्याशी भांडू कशी? उद्या चहात साखर कमी पडली तर तुम्ही काही बोलणार नाही. पण मला ते ऐकू येईल."

ती असं का म्हणाली ते तुला समजायला आणखी एक सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी ती चार महिने बेलवलीला भावाकडे होती. आईचा पाय मोडला म्हणून गेली, असं मी तुला सांगितलं होतं. आईचा पाय ठणठणीत होता. आमच्यात मोठं काही झालं नव्हतं, मारझोड नाही, तिसरं माणूस नाही. बोलणं संपलं होतं. गॅस आला का, तेजलची फी भरली का, एवढंच उरलं होतं. ती परत आली ती पायाला सूज घेऊन. मग तपासण्या, मग मशीन. पुन्हा बोलायला लागलो, पण ते पेला किती आणि पोटॅशियम किती, हेच. आजारी पडली नसती तर ती परत आली असती का, ते मला माहीत नाही. तिलाही नसावं.

अदलाबदलीचं डॉक्टरांनी सांगितल्यावर मात्र ती लगेच तयार झाली. म्हणाली, "हरेशभाऊंची घेईन. त्यांच्याशी मला संसार करायचा नाही." मला वाईट वाटलं की हायसं वाटलं, ते अजून ठरलेलं नाही.

नियमाप्रमाणे कमिटीसमोर चौघांच्या मुलाखती झाल्या. तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का, असं प्रत्येकाला विचारतात. मीनल म्हणाली, "आणलाय. घे म्हणून." कमिटीतले हसले. मग गंभीर होऊन पुन्हा विचारलं.

तुला का सांगितलं नाही? दिवाळीत आपण सगळे जेवत होतो तेव्हा दादा म्हणाला होता, "तिला दोन भाऊ हायत की. कमावत्या माणसानं कापून घ्यायचं नसतं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तू माझ्या ताटात आणखी एक करंजी ठेवलीस. ते मी उत्तर समजलो. मी चुकलो असेन, पण विचारायचं धाडस झालं नाही. तू एकदा नको म्हणाली असतीस तर मला हे जमलं नसतं.

वजन एक्क्याऐंशी आहे. रिपोर्ट सगळे चांगले आहेत. मॅडम म्हणाल्या, "काका, आता तुम्ही चालता." दोन्ही अर्थांनी, असं पुढे म्हणाल्या.

मला भीती वाटत नाही असं नाही.

तुझा,
धर्मा


कात्रप, बदलापूर (पूर्व)
७ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,

नमस्कार. आम्ही सगळे घरी आहोत. मी आणि मीनल बरे आहोत. हे आधी लिहितो.

ऑपरेशन झाल्यावर हरेशच्या किडनीने मीनलच्या पोटात त्याच दिवशी काम सुरू केलं. लघवीची पिशवी भरताना बघून तेजल रडली. अशा गोष्टीसाठी कोणी रडेल असं मला वाटलं नव्हतं. माझी मात्र लाजवंतीच्या पोटात जाऊन गप्प बसली. एक दिवस, दोन दिवस, काही नाही. तिला पुन्हा मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणत होते, कधी कधी उशीर होतो, थांबू. मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. मार्चमध्ये मी उपाशी राहिलो, तेव्हा किडनीचं काही बिघडलं असेल का, हे मी तिथल्या प्रत्येक डॉक्टरला विचारलं. सगळे नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं.

तिसऱ्या दिवशी हरेश टाके धरत धरत माझ्या खाटेपाशी आला आणि स्टुलावर बसला. मला वाटलं, आता बोलेल. माझं जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं होतं. त्याने झाकण काढलं, चमचा माझ्या हातात दिला. "खा," म्हणाला. एवढंच. मी खाल्लं. त्याने माझ्या ताटातला अर्धा पापड मोडून घेतला.

पाचव्या दिवशी दुपारी सिस्टरने येऊन सांगितलं, सुरू झालं. हरेश वॉर्डमध्ये एवढ्या मोठ्याने ओरडला की त्याला डॉक्टरांनी झापलं. टाका तुटता तुटता वाचला. आता लाजवंती घरी आहे, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल करून मला विचारते, तुमच्या घराण्यात सगळ्यांचीच वस्तू इतकी आळशी असते का.

मीनल हळूहळू चालते. माणसांपासून सध्या लांब ठेवायचं आहे, तोंडाला मास्क असतो. परवा आमचं खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडण झालं. चांगलं अर्धा तास. ती हटली नाही, मीही नाही. शेवटी तेजलने येऊन खिडकी अर्धी उघडली. रात्री मीनल म्हणाली, "बरं झालं हरेशभाऊंची घेतली." आणि हसली. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. पण ती बेलवलीचं नाव काढत नाही, आणि मी विचारत नाही.

वजनाचं आता कोणी विचारत नाही. तरी सकाळी कात्रपमधून एक चक्कर मारतो. डॉक्टरांनी जड उचलू नका म्हटलंय, चालू नका म्हटलेलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

काल दादाचा फोन आला. मला वाटलं, रागावेल. तो रागावला नाही. म्हणाला, "धर्मा, म्हातारी जेवंना झालीया. तुझं पत्र आल्यापासनं दोन घास खाती नि ताट सारती. विचारलं तर म्हणती, भूक नाही." मी विचारलं, तिचा काही निरोप आहे का. मग त्याने तुझे शब्द सांगितले, "ते अंग त्याच्या एकट्याचं नव्हतं. त्यानं मला इचारायला पायजे हुतं."

बरोबर आहे. विचारायला पाहिजे होतं.

पण आत्या, तू रागाव. दादाकरवी मला शिव्या पाठव. हवं तर या पत्राला उत्तर देऊ नकोस, वर्षभर माझं नाव घेऊ नकोस. उपाशी राहू नकोस. मी ते करून बघितलं आहे. त्याने कोणाचंच काही भलं होत नाही, आणि ज्याच्यावर राग असतो त्याला कळायलाही वेळ लागतो. तुझ्या वयात अंग एकदा उतरलं की परत भरत नाही. मला ते मॅडमनी सांगितलं, तुला मी सांगतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मला प्रवासाची परवानगी आहे. मी एकटाच येईन, मीनलला अजून आणता येणार नाही. मला बघशील तेव्हा तुला वाईट वाटेल, गाल अजून बसलेलेच आहेत. कुशीत टाक्यांची खूण आहे, ती बघायची असली तर दाखवीन. काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. तू वाढशील ते जेवीन, पोटभर, खोटं नाही. पण तू समोर बसून माझ्याबरोबर जेवली पाहिजेस.

तोवर रोज दोन्ही वेळा जेव. आज रात्री जेवलीस, एवढाच निरोप दादाजवळ दे. मी फोनपाशी आहे.

तू वाढवलेला,
धर्मा